उगमपत्रातली नववी पायरी

इमारतीत सगळे तिला दातवाल्या वहिनी म्हणायचे. तिच्या स्वतःच्या दातांशी याचा काही संबंध नव्हता. ते चारचौघींसारखेच होते. ती कवळ्या बनवायची. रस्त्याच्या टोकाला चष्म्याच्या दुकानावर एक दंतप्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, तीन टेबलं आणि चहाच्या कपापासून कॅलेंडरपर्यंत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. तिथे सव्वीस वर्षं ती लोकांच्या जबड्यांचे साचे समोर ठेवून मेणात एकेक दात बसवत आली होती. एका कवळीत अठ्ठावीस. सुळा केसभर पुढे आला तर माणूस हसताना चावायला येतोय असं वाटतं, केसभर आत गेला तर बिचारा कायमचा रुसलेला दिसतो. कवळी बसली की लोक पेढ्यांचा पुडा घेऊन डॉक्टरांकडे जायचे. तिला मात्र बसमध्ये समोरच्याने जांभई दिली की कळायचं, हा आपला.

नवरा संगणकातला. सकाळी दोन शाळांचे संगणक सांभाळायचा आणि उरलेला दिवस मानवजातीसाठी राखून ठेवायचा. तिच्या भावाने त्याचं नाव ठेवलं होतं मुक्तराव. मुक्तरावाचं म्हणणं तसं साधं होतं, फक्त ते सांगायला त्याला चाळीस मिनिटं लागायची. थोडक्यात असं, की आपण जो प्रोग्राम वापरतो तो आतून कसा लिहिलाय हे आपल्याला वाचता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, शेजाऱ्याला देता आलं पाहिजे. असा जो प्रोग्राम, तो मुक्त. बाकीचे बंद. बंद प्रोग्राम त्याच्या यंत्रात शिरू शकत नव्हता, बायकोच्या माहेरचे एक वेळ शिरले असते.

आता अडचण अशी होती की बिनतारी इंटरनेटचं जे छोटं कार्ड संगणकात बसवतात, त्याच्या पोटातही एक बारका प्रोग्राम असतो आणि कंपन्या तो कुणाला दाखवत नाहीत. म्हणून मुक्त लोक ते कार्ड वापरत नाहीत. म्हणजे अख्खं जग खुर्चीत, गच्चीत, बागेत बसून इंटरनेट वापरत होतं आणि मुक्त तेवढे वायरने भिंतीला बांधलेले होते. मुक्तरावाची वायर करड्या रंगाची होती. ती बैठकीच्या खोलीतून निघून, दोन दारांना वळसा घालून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून झोपायच्या खोलीत जायची. सासूबाई तिला दिवसातून तीनदा अडखळायच्या आणि तीनदा मुलाच्या शिक्षणावर झालेला खर्च आठवायच्या.

मुक्तरावाने ठरवलं, कार्ड आपणच बनवायचं. सर्किट उघडं, बोर्डाचा आराखडा उघडा, पोटातला प्रोग्राम उघडा. सगळं इंटरनेटवर ठेवायचं, कुणीही घ्यावं, कुणीही बनवावं. याला आठ वर्षं झाली.

त्याच्या पाठीशी एक गट होता. चारशे माणसं, गावोगावची, एकमेकांना कधी न पाहिलेली, फक्त मेलवर भेटणारी. हा गट अतिशय सावध होता. पहिलं वर्ष कार्डाला नाव काय द्यावं यात गेलं. दुसरं वर्ष वापराच्या परवान्याच्या मजकुरातल्या एका स्वल्पविरामावर गेलं आणि त्यात दोन माणसं कायमची दुरावली. त्यानंतर आराखडा काढण्यात पाच वर्षं गेली, आणि मग पाच महिने बोर्डाचा रंग काय असावा यावर चर्चा झाली. कार्ड संगणकाच्या आत बसणार, झाकणाखाली, जिथे त्याला कोणी बघणार नाही, ही बाब कुणीतरी मांडून पाहिली. पण त्या माणसाला तत्त्वांची चाड नाही असं ठरलं.

याच पाच महिन्यांत एका रविवारी तिने नवऱ्याच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं.

"हे काय आहे? हे मधलं."

"मुख्य चिप. अगं, ते जरा क्लिष्ट आहे. त्याचे पाय—"

"पाय कळले. हे उलटं आहे."

"म्हणजे?"

"उलटं. आरशातलं. वरचा जबडा खालच्याच्या जागी लावला की होतं तसं. शेजारी कंपनीचं माहितीपत्रक उघडलंयस ना, त्यात पहिला पाय डावीकडे दाखवलाय, तू इथे उजवीकडे काढलायस."

तो हसला. मग त्याने माहितीपत्रक पाहिलं. मग हसायचा थांबला.

"हे चारशे लोकांनी तपासलंय," तो बारीक आवाजात म्हणाला. "वर्षभर उघडं आहे हे."

"रंग चांगला आहे म्हणाले असतील," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

आराखडा सुधारला आणि कारखान्याचा प्रश्न आला. बोर्ड घरी होत नाहीत. ते छापून, छिद्रं पाडून देणारे कारखाने असतात. आपण फाइल द्यायच्या, ते पेटीत बोर्ड घालून पाठवतात. इतकं सोपं, की सामान्य माणूस ते सहज करून टाकतो. मुक्तराव सामान्य नव्हता. कारखान्याची वेबसाइट उघडली की ती आधी आपला एक बंद प्रोग्राम समोरच्याच्या यंत्रात चालवायची, आणि मुक्तरावाचं यंत्र अशा आगंतुकाला दारातच अडवायचं. परिणामी त्याला कारखान्याचं पान पांढरंशुभ्र दिसायचं. त्याने फोन लावला. घरचा, भिंतीवरचा. बायकोच्या हातातल्या फोनला तो 'हेर' म्हणायचा.

"सर, फाइल साइटवर अपलोड करा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"ताई, तुमची साइट माझ्याकडे कोरी दिसते."

"मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा ना."

"प्रश्न कॉम्प्युटरचा नाही, प्रश्न स्वातंत्र्याचा आहे."

"स्वातंत्र्याचं डिपार्टमेंट आमच्याकडे नाहीये सर. अपलोड केलंत की होऊन जाईल."

मग त्याने सीडी पाठवली, टपालाने. परत आली. दुसरी पाठवली. तीही आली, पाकीट न फोडता. तिसरीसोबत विनंतीपत्र जोडलं, तर विनंतीपत्रही परत आलं. गटात सुतकी वातावरण पसरलं. चार जणांनी सुचवलं की आपण कारखानाच काढावा, आणि त्याला नाव काय द्यावं यावर लगेच कामही सुरू झालं. मुक्तराव जेवेनासा झाला. आठ वर्षांत तो चिडला होता, भांडला होता, पण गप्प कधी बसला नव्हता. ते तिला झेपेना.

चौथ्या सीडीबरोबर त्याने अकरा पानांचं पत्र लिहिलं. त्यात ज्ञान म्हणजे काय, कुलूप म्हणजे काय, आणि कारखानदाराची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय याचं विवेचन होतं. शेवटच्या पानावर, बोर्डाचा रंग आम्ही आपल्या विवेकावर सोपवतो, असंही होतं. ते पत्र तिनेच टपालात टाकलं. टाकल्यावर ती प्रयोगशाळेत गेली, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला, बोटांवरचं प्लास्टर पुसलं आणि हेर हातात घेतला. फाइल तर इंटरनेटवरच होत्या, कुणीही घ्याव्यात म्हणून मुद्दाम ठेवलेल्या. ती कुणीहीपैकीच होती. तिने घेतल्या आणि कारखान्याच्या साइटवर चढवल्या. 'मला सर्व अटी मान्य आहेत' अशी एक चौकट आली, ती जगातले सगळे जशी भरतात तशीच तिनेही भरली. संख्या विचारली, चाळीस घातली. मग डबा खाल्ला.

पंधरा दिवसांनी पेटी आली. चाळीस बोर्ड. हिरवे.

तो पेटी छातीशी धरून उभाच राहिला. "बघितलंस? माणसाशी माणसासारखं बोललं की माणूस ऐकतो. अकरा पानं लागतात, पण ऐकतो."

ती म्हणाली, "हात धू आधी." बिल भरायचं खातं घरात तिच्याकडेच असल्यामुळे पुढचे अवघड प्रश्न उपस्थित झाले नाहीत.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी सांगून टाकायचं असं तिने ठरवलंही. पण तो शीळ घालत होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्याला शीळ घालता येते हे तिला त्या दिवशी कळलं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्याने पत्र गटाला पाठवलं. तिसऱ्या दिवशी गटाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आठवड्यात सतरा माणसं आपापल्या कारखान्यांना अकरा-अकरा पानी पत्रं लिहायला बसली. एकाने रंगाचा परिच्छेद घरच्या भिंतीवर चिकटवला. कारखान्याने हिरवा निवडला यात खोल अर्थ आहे असं तिघांनी सप्रमाण सिद्ध केलं. आणि महिन्याभरात मेल येऊ लागल्या की आमच्या कारखान्याकडून काहीच उत्तर नाही, आपण पत्रात नेमकं काय केलंत? मुक्तराव समजुतीने उत्तरं द्यायचा: आपला सूर थोडा याचनेचा झाला आहे. चौथं पान पुन्हा लिहून पाहा.

ती स्वयंपाकघरात तोंडात पदराचा बोळा कोंबून ऐकायची.

तोवर कार्डं जोडायची होती. एका बोर्डावर एकसष्ट सुटे भाग. त्यातले निम्मे असे, की शिंक आली तर पुन्हा खरेदीच करावी लागावी. मुक्तरावाचा हात अशा कामात थरथरायचा. तत्त्वात तो ठाम असला तरी बोटांत नव्हता. तिने प्रयोगशाळेतलं भिंग आणलं, चिमटा आणला, श्वास धरायची सव्वीस वर्षांची सवय आणली. कामावरून येऊन चहा प्यायचा आणि जेवायची वेळ होईपर्यंत बसायचं. पंधरा आठवडे. चाळीस कार्डं. एक बिघडलं नाही. पहिलं कार्ड चाललं तेव्हा तो टाळ्या वाजवत घरभर फिरला आणि वायरला अडखळून पडला. वायर मात्र त्याने काढली नाही. शिक्का मिळाल्याशिवाय नाही, म्हणाला.

शिक्का म्हणजे सगळं काही. गटाचा नियमच होता की शिक्का नसलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. शिक्का मिळाला तर चारशे माणसं भिंतीपासून सुटणार होती. नाही मिळाला तर आठ वर्षं एका खोक्यात जाणार होती. आणि शिक्क्यासाठी उगमपत्र लागायचं. वस्तू कशी जन्मली, कुठल्या पायरीवर काय वापरलं, ते सगळं एका कागदावर. गटातर्फे तपासनीस घरी येणार, कर्त्याने कागद मोठ्याने वाचायचा, ज्यांचे हात लागले त्यांनी ऐकायचा आणि खाली सही करायची, की कर्त्यांपैकी कुणीही कुठल्याही पायरीवर बंद प्रोग्राम वापरला नाही.

तिने आदल्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं. सही करायची, मिठाची गुळणी धरायची. फोनवरच्या सात मिनिटांसाठी आठ वर्षं जाळायची नाहीत.

तपासनीस बाई सुटीच्या दिवशी सकाळी आल्या. शेवटचा टप्पा पायी, कारण त्या बसचं तिकीट फक्त फोनवर मिळत होतं. वय सत्तरीच्या आसपास. निवृत्त होण्यापूर्वी वजनमापं तपासायच्या खात्यात होत्या. तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेले लोहचुंबक काढण्यात गेली होती आणि ते नजरेत दिसत होतं. पिशवीतून त्यांनी नियमांची वही काढली, शाईचं पॅड काढलं, आणि लाकडी मुठीचा शिक्का काढून टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला. मुक्तराव त्याच्याकडे बघत राहिला. सासूबाईही विणकाम घेऊन येऊन बसल्या. घरात काही चाललंय आणि आपण नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

"वाचा," तपासनीस बाई म्हणाल्या.

तो उभा राहून वाचू लागला. पहिली पायरी, दुसरी पायरी. आवाज छान लागला होता. नवव्या पायरीला तर गहिवरलाच.

"नववी पायरी. बोर्डाच्या फाइल सीडीवर घेऊन, पत्रासह, टपालाने कारखान्याकडे पाठवल्या. पत्रातील भूमिका पटून कारखान्याने त्या स्वीकारल्या. पत्र परिशिष्टात जोडले आहे, पृष्ठे अकरा."

ती जमिनीकडे बघत बसली. गेली एकदाची, म्हणाली मनात.

"दहावी पायरी. बोर्ड मिळाले, तपासले. अकरावी पायरी. सुटे भाग बोर्डांवर जोडले. साहाय्य: घरातील मंडळी. बारावी—"

"थांब."

तो थांबला.

"मंडळी म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"अं?"

"नाही, मंडळी म्हणालास. किती जणं आहेत? माझी कुणाशी ओळख नाही झाली."

"अगं, म्हणजे... तूच की."

"मी एकटीच? मग मंडळी कशाला? आई, तुम्ही काही जोडलंत का?"

"मी नाही बाई," सासूबाई टाके मोजता मोजता म्हणाल्या. "मी फक्त अडखळले. ते हवं तर घाला परिशिष्टात."

"अशा कागदांची एक भाषा असते गं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "पत्राला अकरा पानं झाली, म्हणून इथे आटोपशीर—"

"अहो," ती म्हणाली.

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. सून एरवी नवऱ्याला अरे-तुरे करायची. ती अहो-जाहोवर आली की काहीतरी फुटतं, हे त्यांना बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

"अहो, आपण जरा नववी पायरी परत वाचाल का?"

त्याने वाचली. या वेळी गहिवर जमला नाही.

"ती चूक आहे. फाइल मी पाठवल्या. माझ्या फोनवरून, जेवणाच्या सुट्टीत. सात मिनिटं लागली. त्यातली चार त्यांना माझा पासवर्ड आवडेना म्हणून."



"पण त्यांनी पत्र..." मुक्तराव म्हणाला.

"पोचलं असेल. टपालखात्यावर माझा विश्वास आहे."

"अकरा पानं होती."

"म्हणूनच."

त्याने खुर्चीचा हात चाचपला आणि बसला.  मग अगदी लहान आवाजात विचारलं, "आणि हिरवा?"

"तो तिथे आधीच निवडलेला होता. मी हात नाही लावला."

सासूबाईंना ठसका लागला. त्यांनी तो पदरात घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तू शीळ घालत होतास." तिचा आवाज अहोवरून कधी उतरला तिलाही कळलं नाही. "मग सतरा लोक पत्रं लिहायला बसले. तिथे मी काय सांगणार? आणि आजही गप्पच बसणार होते, देवाशपथ. सही करून मोकळी झाले असते. पण दोन हजार चारशे चाळीस तुकडे, अरे. मोजलेत मी. पंधरा आठवडे मान मोडून एकेक टिकली चिकटवली. तो उलटा जबडा मी शोधला. आणि कागदावर काय, तर अकरा पानांनी जग जिंकलं आणि मंडळींनी साहाय्य केलं."

तपासनीस बाईंनी एवढा वेळ वहीतून मान वर केली नव्हती. आता केली.

"झालं तुमचं? मग मला एक सांगा. या बाई कर्त्या आहेत का?"

"म्हणजे?" मुक्तराव म्हणाला.

"नियम कर्त्यांना आहे. पोस्टमनच्या खिशात कुठला फोन आहे हे मी विचारत नाही. कारखान्यात काय चालतं तेही विचारत नाही. कर्त्याच्या नकळत बाहेरच्या कुणी काही केलं, तर ते मोजत नाहीत. तुमच्या कागदावर या घरातील मंडळी आहेत. मंडळी बाहेरची धरतात. तेव्हा कागद आहे असा राहिला तर नववीतलं ते पत्राचं वाक्य तेवढं काढा, 'फाइल पोचल्या' एवढं लिहा, मी शिक्का मारते. या कर्त्या असतील तर मारत नाही." त्यांनी टोपण काढून पेन टेबलावर ठेवलं. "मी घरातलं काही बघत नाही, कागद बघते. ठरवा."

"असं... असं आधी कधी झालंय?"

"अकरा शिक्के दिलेत मी. अकराही कागदांवर घरातील मंडळी आहेत. मला वाटायचं, काय कुटुंबवत्सल लोक असतात या चळवळीत."

 मार शिक्का, माझं काय एवढं, हे शब्द बायकोच्या अगदी ओठांवर आले होते. बावीस वर्षांत असे शब्द तिने कितीदा सहज सोडले होते. ते तिने गिळले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, साच्याकडे बघते तशी; जबडा नेमका कुठे मिटतो ते बघायचं असतं तेव्हा.

मुक्तरावाने शिक्क्याकडे पाहिलं. मग चाळीस कार्डांच्या पेटीकडे. मग कागदाकडे. 

"समजा," तो घसा साफ करत म्हणाला, "समजा आत्ता कागद असाच ठेवला. आणि पुढच्या आवृत्तीत, ठळक अक्षरांत, हिचं नाव—"

"पुढच्या आवृत्तीत काय लिहू?" तपासनीस बाई म्हणाल्या. "बाई दरम्यानच्या काळात जन्माला आल्या?"

त्याचे कान लाल झाले.

"अरे, स्वतःची भाषणं तरी मनावर घेत जा," सासूबाई म्हणाल्या. "आठ वर्षं ऐकतेय मी. काही लपवायचं नाही, सगळं उघडं ठेवायचं. मला वाटलं, निदान तुझं तरी पाठ झालं असेल."

तो कागदाची कड दुमडू लागला. तिच्या मनात एक पक्कं हिशेबी वाक्य तयार होत होतं, उद्या सकाळी भावाला फोनवर सांगायचं. मग त्याने पेन उचललं. 'साहाय्य: घरातील मंडळी' यावर एक रेघ मारली. समाधान झालं नसावं, दुसरी मारली. शेजारी जागा पुरेना म्हणून समासात वळून लिहू लागला, हळू, शाळेतल्यासारखं. जोडणी, सर्व चाळीस कार्डं. चिपची उलटी बाजू शोधणं. नवव्या पायरीत पत्राचा मजकूर खोडून: फाइल कारखान्याच्या साइटवरून पाठवल्या, फोन वापरून. आणि पुढे तिचं पूर्ण नाव. कागद तिच्याकडे सरकवला.

"सही," तो म्हणाला. "कर्त्यांच्या रकान्यात. वर. खाली नाही."

तिने सही केली. आपण जिंकलो असं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तो पेटीचं झाकण उगीच लावत आणि काढत होता.

तपासनीस बाईंनी कागद दोनदा वाचला. पॅडचं झाकण लावलं.

"शिक्का नाही."

"हो," मुक्तराव म्हणाला.

"गटाला मी कळवणार."

"मी कळवतो. सतरा जणांना तर आजच. बिचारे चौथं पान पुन्हा लिहीत असतील."

"बारा पायऱ्यांपैकी अकरा स्वच्छ आहेत," बाई वही मिटायच्या ऐवजी नवं पान काढत म्हणाल्या. "मी तीस वर्षं तराजू तपासले. खाली चुंबक आहे, असं स्वतःहून सांगणारा एक दुकानदार भेटला नाही मला. नियमात पुन्हा अर्जाची सोय आहे. सहा महिने. नवे बोर्ड, नवी नववी पायरी. फाइल कशा पाठवणार, ते आत्ताच लिहून न्यावं लागतं."

मुक्तरावाने तोंड उघडलं.

"पत्र नाही," तिघीही एकदम म्हणाल्या.

त्याने मिटलं.

"मी घेऊन जाणार," ती म्हणाली. "सीडी हातात घेऊन. कारखाना गाडीने एका दिवसावर आहे. फाटकात उभी राहीन, कोणीतरी घेईपर्यंत."

"मी पण येतो," तो म्हणाला.

"तू नको. तू फाटकात बोलायला लागलास तर लोक कारखाना बंद करून घरी जातील."

"मग तू त्यांना काय सांगणार?"

"काही नाही. डॉक्टर लोकांकडून सव्वीस वर्षं वेळेवर साचे काढून घेतलेत मी. समोर उभं राहायचं आणि हलायचं नाही, बस."

तपासनीस बाईंनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "नववी पायरी. कर्ती स्वतः जाणार. बरोबर?"

"'रजा मिळाली तर' हे घाला," ती म्हणाली. "नाहीतर परत खोटं व्हायचं."